छत्रीच्या आत

आमच्याकडे हिला सुंदर छत्रीच म्हणतात,
पायुंग गेउलिस.
पावसाचं नाव काढलं की विरघळते,
म्हणून कुणी हिच्याकडून कामाची अपेक्षा ठेवत नाही.
उन्हात निघालेल्या बाईच्या गालावर
जरा रंगीत सावली पाडावी, एवढंच.

फुलं मी काढतो.
बांबूच्या काड्यांवर ताणलेला कागद
साबुदाण्याच्या कंदाची खळ पिऊन वाळतो,
टिचकी मारली तर डफासारखा बोलतो.
मग कुंचला लालात बुडवायचा, टोकाला पांढरा घ्यायचा,
आणि एकाच दाबात पाकळी,
ऊन-सावली दोन्ही एकदम.
एका छत्रीला चौदा फुलं.
तासिकमलायात माझी फुलं लोक लांबून ओळखतात.

माक एदोह आतला दोरा भरते.
काडीवरून, काडीखालून,
पिवळा, हिरवा, वांग्याच्या सालीचा जांभळा,
दांड्याभोवती फेर धरत.
छत्री उघडून जी वर बघेल तिलाच ते दिसणार.
आणि छत्री घेतलेली बाई वर बघत नाही,
आपल्याकडे कोण बघतंय ते बघते.

गिऱ्हाईक माझ्याशी बोलायचं. फोटो माझे.
एकदा कुणा साहेबाच्या बायकोनं विचारलं, हे फूल कुठलं?
म्हटलं, माहीत नाही बाई, हातातून येतं.
एदोह शेजारीच दातानं दोरा तोडत होती.
तिला कुणी काही विचारलं नाही.
मीही नाही.

गालुंगगुंगनं राख ओकली त्या वर्षी
भर दुपारी कंदील लावले होते.
अंगणात वाळत घातलेली माझी फुलं करडी झाली,
पुसायला गेलो तर कागदच फाटला.
तिनं एक छत्री उचलून उलटी केली.
आत दोरा लख्ख.
"आतून बघत जा," म्हणाली.
तेव्हा मला राग आला होता.
खरं सांगायचं तर बरीच वर्षं होता.

यंदा बांडुंगच्या एका हॉटेलानं दोनशे मागवल्या,
छताला टांगायला.
मालकाच्या ईमासनं ट्रक ठरवला,
आम्ही दोघं मागे, छत्र्यांच्या गठ्ठ्यांना पाठ टेकून.
वळणावर एदोहला मळमळलं,
मी खिशातला आल्याचा तुकडा दिला,
बाकी बोललो नाही.

पोरं शिडीवर चढली. एकेक छत्री वर गेली, उघडली.
मी खाली.
दोनशे छत्र्या, दर छत्रीला चौदा, तेवढी सगळी फुलं
छताकडे तोंड करून बसली.
माझ्या वाट्याला कागदातून पाझरलेले डाग,
सदऱ्यावर सांडलेल्या चहासारखे.
आणि दोरा!
दिवा लागला तसा
सबंध छतभर दोरा फिरू लागला.
ट्रे घेऊन चाललेला वेटर मध्येच थबकला,
पेले किणकिणले.
"कुणी केलं हे?"

तोंडात 'आम्ही' आलं होतं.
गिळलं. बोट दाखवलं.

एदोहला ते ऐकूच गेलं नाही.
कपाळावर हात आडवा धरून ती वर काही शोधत होती.
"ती बघ, तिसऱ्या रांगेतली. एक काडी सुटलीय माझी.
मोतीबिंदू काढायच्या आधीची असणार.
उतरवायला सांग."
पोरं हसली. "आजी, एवढ्या उंचावर कोण बघतं?"
"बघतात," मी म्हणालो.
जरा मोठ्यानंच म्हणालो.

छत्री खाली आली.
त्या गुळगुळीत फरशीवर ती फतकल मारून बसली,
पोलक्याला टोचलेली सुई काढली,
दांडा माझ्या हातात दिला.
माझी फुलं पलीकडे, मला दिसत नव्हती.
"फिरव," ती म्हणाली.
फिरवला.
"अजून. अंहं, मागे. हां, थांब."
डोकं आत घालून
मी थांबलो.